नाकातला उजेड

माको, २४ फेब्रुवारी २००८

प्रिय लोरांदमामा,

नमस्कार. फोनवर मी घसा फोडते आणि तू "हो हो, छान छान" म्हणतोस, म्हणून पत्रच बरं.

तिसरं ऑपरेशन झालं. नाकातलं वाढलेलं मांस पुन्हा काढलं. या वेळी डॉक्टरीणबाई हाल्मादींनी मला ते बशीत दाखवलं. सोललेल्या द्राक्षांसारखं दिसत होतं. एवढ्या क्षुल्लक वस्तूने माणसाचं आयुष्य बंद करावं याचा मला संताप आला.

पट्ट्या काढल्यावर घरी न जाता मी थेट बाजारात गेले. माझ्या अळिंब्या तपासायच्या टेबलासमोर रोझालकाकूचं कांद्यालसणाचं दुकान आहे, तुला आठवत असेल. तिने कांदा कापून माझ्या नाकाखाली धरला आणि विचारलं, "काय गं गिझी, येतोय का?" मला घळाघळा रडू आलं. "आता हे कांद्यामुळे की आनंदामुळे?" ती म्हणाली. तिचा नवरा विन्त्से मागून ओरडला, "कांद्यामुळेच असेल, माकोचा आहे!" मामा, मला वास आला. कांद्याचा, ओल्या पोत्यांचा, तळणीतल्या लांगोश पुऱ्यांचा, विन्त्सेच्या घाणेरड्या तंबाखूचासुद्धा.

पण हे सुख मी आधीही दोनदा उपभोगलंय. उन्हाळा संपेपर्यंत मांस पुन्हा वाढतं आणि ऐन अळिंब्यांच्या हंगामात मी ठार बंद होते. गेल्या शरदात पाय मुरगळल्याचं सांगून मी रजा काढली होती. आता बाजाराच्या कचेरीने बजावलंय, यंदा हंगामात तपासणीचं टेबल रिकामं दिसलं तर ते कायमचं उचलू. मग लोकांनी टोपल्या घेऊन सेगेदला जायचं. कोण जाणार? न दाखवताच खातील.

आणि माझं काय? नवरा गेला तेव्हा मी टेबलावर बसून दिवस काढले. लोक टोपली ओततात, मी एकेक अळिंबी उचलते, बघते, हुंगते, चिठ्ठी देते. मला दुसरं काही येत नाही आणि शिकायची इच्छाही नाही.

डॉ. हाल्मादी म्हणतात, सेगेदला एक प्रयोग सुरू होतोय. ऑपरेशननंतर काही आठवडे नाकात उजेड सोडायचा. त्याने आतली सूज शांत राहते आणि मांस परत वाढत नाही. कदाचित. "कदाचित" हा शब्द त्यांनी तीनदा वापरला. शिवाय निम्म्या लोकांना खरा उजेड मिळणार आणि निम्म्यांना नुसता दिसायला तसा. कोणाला कोणता, हे बंद पाकिटात. डॉक्टरांनाही माहीत नाही.

जाऊ का? तू सांगशील ते करेन.

तुझी,
गिझी

*

कूसेग, ४ मार्च

चि. गिझी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मामीने मोठ्याने वाचून दाखवलं. मला ऐकू आलं नाही, म्हणून मग मीच वाचलं.

नाकात उजेड! आम्ही शाळेत होतो तेव्हा हिवाळ्यात आम्हाला चड्डीवर उभं करायचे, डोळ्यांवर काळे चष्मे चढवायचे आणि क्वार्ट्झच्या दिव्याभोवती गोल फिरवायचे. निळा उजेड आणि विजेसारखा वास. सर्दी, मुडदूस, खरूज, अभ्यासात कच्चं असणं, सगळ्यावर एकच दिवा. त्यातला एक दिवा आपल्या घरी होता. तुझ्या आईची छाती त्यानेच बरी झाली, असं आजी शेवटपर्यंत सांगायची. तेव्हा मी हसणार नाही. जा. खोटा उजेड मिळाला तरी नुकसान काय, सेगेदच्या बसचं भाडं आणि थोडा वेळ.

पण एक गोष्ट पुन्हा लिहितो, कारण तू माझ्या हाताखाली शिकलीस. नाक गेलं त्या दिवशी टेबलावरून उठायचं. कुरणातली पांढरी अळिंबी आणि विषारी कार्बोलची अळिंबी शेजारी शेजारी उगवतात, बहिणींसारख्या दिसतात. देठ खरवडला की दुसरी पिवळी पडते, पण पावसात भिजलेली असली तर तेही धड पडत नाही. मग तिचा फिनेलसारखा वास एवढाच आधार. तो तुला येत नसेल तर तू टेबलावर नाहीस, नुसती खुर्चीत आहेस. कचेरी टेबल उचलते तर उचलू दे.

रागावू नकोस. तू लहानपणापासून नाकाने कांदे सोलणारी, म्हणून देवाने तुला कांद्यांच्या माकोला नेऊन बसवलं. मामीचा आशीर्वाद.

तुझा,
लोरांदमामा

*

माको, १९ एप्रिल

प्रिय मामा,

जाते आहे, नेमाने. खुर्चीत मान मागे टाकून बसायचं. काचेची बारीक दांडी एका नाकपुडीत, मग दुसरीत. जांभळट उजेड पडतो. नर्स म्हणते, "गाल बघा, कंदील झालाय तुमचा." दुखत नाही. ऊबही फारशी लागत नाही. आणि तिथेच माझी झोप उडाली आहे.

बाहेरच्या बाकावर आम्ही सगळे एकमेकांची नाकं बघत बसतो. माझ्या शेजारी बुर्यान म्हणून एक आचारी असतो. तिसा नदीच्या काठावर त्याची माशांच्या रश्श्याची खानावळ आहे आणि त्याला गेली तीन वर्षं स्वतःच्या रश्श्याचा वास येत नव्हता. "बायको चाखून सांगते," तो म्हणाला. "आमचं लग्न त्यामुळेच मोडायला आलंय." त्याने एक शोध लावलाय. खऱ्या उजेडाने नाक कोरडं पडतं. त्याचं पडलंय, खपल्या धरतात, तेल घालावं लागतं. तो ते असं सांगतो जणू लॉटरी लागली आहे. पलीकडच्या शिक्षिकेचंही पडलंय.

"आणि तुमचं, बाई?" त्याने विचारलं.

माझं नाही पडलेलं, मामा. माझं नाक अगदी सुखात आहे. मी रोज सकाळी बोट घालून बघते. या वयात! कोरडं नाही, खपली नाही, काही नाही. म्हणजे माझ्या पाकिटात खोटा उजेड आहे. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, प्रत्येकाचं नाक वेगळं, यावरून काही ठरत नाही, नेमाने येत राहा. त्यांना असं म्हणावंच लागणार.

मी तिथे पंख्यासमोर बसल्यासारखी बसते आणि आत मांस वाढतंय. मला अजून वास येतो. रोज उठून आधी कॉफीचा डबा हुंगते, मग साबण, मग उशी. एक दिवस उठेन आणि येणार नाही. मागच्या दोन्ही वेळी असंच झालं, हळूहळू नाही, एका सकाळी. मला फार भीती वाटते, मामा. एवढी भीती मला ऑपरेशनचीही वाटली नव्हती.

असो. एक वेगळंच मागायचं होतं. माझा उजवा गुडघा थंडीपासून दुखतोय. घरचा तो क्वार्ट्झचा दिवा अजून आहे का तुझ्याकडे? पाठवशील का?

तुझी,
गिझी

*

कूसेग, ३ मे

चि. गिझी,

तुझ्या नावाच्या संतिणीचा दिवस येतोय, त्याच्या शुभेच्छा. दिवा पाठवतो आहे. माळ्यावर होता, मामीने पुसला, मी वायर बदलली. चालतो. लावला तेव्हा तोच वास आला आणि मी क्षणभर सात वर्षांचा झालो.

काळा चष्मा सोबत आहे, तो घातल्याशिवाय लावू नकोस. हातभर लांब ठेव. गुडघ्याला थोडाच वेळ दे, घड्याळ लावून. गुडघ्यालाच.

मे महिन्यातल्या अळिंब्या आल्या का तुमच्याकडे? आमच्या जंगलात भरपूर आहेत, पण आता माझ्याच्याने चढवत नाही.

तुझा,
लोरांदमामा

*

माको, २१ जून

प्रिय मामा,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता सरळ लिहिते.

गुडघ्याला काहीही झालेलं नाही.

मी ॲल्युमिनियमच्या वर्खाचं नरसाळं केलं, त्याचं टोक नाकपुडीत धरलं आणि दुसऱ्या तोंडाशी तुझा दिवा. आधी थोडा वेळ. काही झालं नाही, नाक कोरडं पडेना. मग जास्त वेळ. मग रोज. एका संध्याकाळी नाक आतून ओढल्यासारखं झालं आणि मला एवढा आनंद झाला, मामा, मी आरशासमोर नाचले. कोरडं पडलं! लागू पडला! दुसऱ्या दिवशी मी आणखी वेळ धरला.

वरचा ओठ फोडांनी भरला. नाक आतून सोललं. पाणी घोटलं तरी डोळ्यातून पाणी यायचं. सेगेदला गेले तर डॉ. हाल्मादींनी आत बघितलं आणि यंत्र बाजूला ठेवलं. "हे काय केलंत?" मी म्हटलं, उन्हात झोपले होते. त्या म्हणाल्या, "नाकपुड्या वर करून?"

मग सांगितलं. सगळं. त्यांनी मला प्रयोगातून काढलं. त्यांना काढावंच लागलं, त्या चिडल्याही नाहीत, तेच जास्त लागलं. आणि भाजलेल्या नाकावर आधी कोणता उजेड पडलाय ते कळायला हवं म्हणून माझं पाकीट उघडलं.

खरा होता. माझा उजेड खरा होता, मामा. पहिल्या दिवसापासून. आणि आत मांसाचा एक कोंबही नव्हता, सगळं स्वच्छ होतं, मी जाळेपर्यंत.

आता आत नुसत्या खपल्या आणि सूज. वास काही येत नाही. कॉफी नाही, साबण नाही. त्या म्हणतात, कुठलाही उजेड नको, मलम लावा, थांबा, शरद संपेपर्यंत कदाचित भरून येईल. पुन्हा कदाचित. बुर्यानला बाहेर सांगितलं तर त्याने टोपी काढली, जणू कोणी गेलंय.

तुझ्याशी खोटं बोलले. त्याची मला सगळ्यात लाज वाटते.

गिझी

*

कूसेग, ३० जून

चि. गिझी,

तुझी एकटीची लाज नाही.

गुडघ्यासाठी नाही हे मला दिवा पुसतानाच कळलं होतं. जी मुलगी पानभर नाकाबद्दल लिहिते आणि शेवटच्या ओळीत गुडघा काढते, तिचा गुडघा दुखत नसतो. मामीही म्हणाली, "नको पाठवूस." मी पाठवला. मला वाटलं, तुझ्या आईला लागू पडला, न जाणो. तुझं टेबल वाचावं असं मलाही वाटत होतं. चाळीस वर्षं लोकांना सांगितलं की ओळखत नसाल ते तोंडात घालू नका, आणि स्वतःच्या भाचीच्या बाबतीत हे केलं. दिवा परत पाठवू नकोस. फोडून टाक.

आता ऐक. नाक बरं होईपर्यंत थांब. डॉक्टरीणबाई सांगतील ते आणि तेवढंच कर. आणि सप्टेंबरात पाऊस पडला आणि वास आलेला नसला, तर कचेरीत जाऊन सांग, मी बसू शकत नाही. रजेचं सोंग नको. खरं सांग. टेबल गेलं तर गेलं.

मला उत्तरात एवढंच लिही की तू असं करशील.

तुझा,
लोरांदमामा

*

माको, २९ ऑगस्ट

प्रिय मामा,

उशिरा लिहिते, माफ कर. भरून येतंय सगळं. गेल्या आठवड्यात कॉफीचा वास आला. आता बरं आहे. काळजी करू नकोस, हंगामाला बसणार आहे.

मामीचे पाय कसे आहेत?

तुझी,
गिझी

*

माको, २० सप्टेंबर

प्रिय मामा,

पाऊस काय पडला! मारोश नदीकाठची कुरणं पांढरी झाली आहेत. शनिवारी टेबलासमोर रांग लांगोशवाल्यापर्यंत गेली होती.

मी या वर्षी नवीन पद्धत सुरू केली आहे. टोपली ओतली की अळिंबी त्यांच्याच हातात देते. "हुंगा आणि सांगा, कसला वास येतो?" लोकांना आधी नवल वाटलं, आता गंमत वाटते. कोणी म्हणतं बदामाचा, कोणी म्हणतं पिठाचा. एकाने हुंगून तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "दवाखान्याचा!" ती कार्बोलची होती. मी ती तिथेच क्लोरिनच्या बादलीत टाकली आणि रांगेतल्या सगळ्यांना दाखवली.

रोझालकाकू तर माझी पट्टशिष्या झाली आहे. ग्राहक सोडून येऊन उभी राहते, लोकांच्या टोपल्या हुंगते, निकाल देते. "याला चांगला येतोय, गोड. हो ना गं गिझी?" विन्त्से म्हणतो, "आता हिला बिल्ला द्या, म्हणजे कांदे मी एकटाच विकतो."

कचेरीचा माणूस येऊन बघून गेला. खूश होता. टेबल राहणार म्हणाला.

तुझी,
गिझी

*

कूसेग, २७ सप्टेंबर

चि. गिझी,

तुझं पत्र वाचून मला खरंच बरं वाटलं. चाळीस वर्षं मी टेबलावर बसलो आणि स्वतःच हुंगत राहिलो. लोकांच्या हातात अळिंबी द्यावी हे मला कधी सुचलं नाही. शिष्या गुरूच्या पुढे गेली. मामीलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, बघ, दिव्याचं प्रकरण डोक्यात घेऊन बसला होतास.

रोझालकाकूला माझा नमस्कार सांग. शिकवत राहा.

तुझा,
लोरांदमामा

*

माको, १२ ऑक्टोबर

मामा,

रोझालकाकू गेली.

मागच्या शनिवारी तिने ओकाखालून अळिंब्या आणल्या, कुरणातून नाही. कोवळ्या, पांढऱ्या. चाकूने वरच्यावर कापल्या, त्यामुळे बुडाची पिशवी, विषाची मुख्य खूण, मातीतच राहिली. विन्त्से म्हणाला, "गिझीला दाखव, टेबल समोरच आहे." ती म्हणाली, "कशाला? मला आता येतं. हुंगून बघ, मधासारखा गोड वास आहे." तिने पेपरिका घालून भाजी केली. विन्त्सेला पोटाचा त्रास आहे म्हणून त्याने खाल्ली नाही.

दुसऱ्या दिवशी पोट बिघडलं. मग एक दिवस बरं वाटलं, ती दुकानावरसुद्धा आली. मी तिला म्हटलं, "काकू, पिवळी दिसतेस." मी म्हटलं, मामा, आणि तरी माझ्या डोक्यात आलं नाही. सेगेदला नेलं तेव्हा यकृत संपलं होतं. गुरुवारी पहाटे गेली.

ती खुनी अळिंबी होती. तिला ओळखायला नाक लागत नाही. खालचे पडदे पांढरेफटक, कुरणातल्यांचे गुलाबी. एका नजरेत ओळखली असती मी. अख्खी उपटली असती तर आंधळ्यानेही बोटाने ओळखली असती.

मला कॉफीचा वास आलाच नव्हता. ऑगस्टमधलं ते पत्र खोटं होतं. मला जूनपासून कशाचाच वास येत नाही. म्हणून मी लोकांना हुंगायला लावत होते. माझं नाक म्हणून वापरत होते. आणि तू लिहिलंस शिकवत राहा. ती शिकली. वास चांगला म्हणजे अळिंबी चांगली, एवढंच शिकली, कारण मी तिला तेवढंच दाखवलं.

कचेरीत कोणी मला काही विचारत नाही. तिने मला दाखवल्याच नव्हत्या, तेव्हा माझ्यावर काही येत नाही, असं ते म्हणतात. विन्त्से म्हणतो, "तुझ्याकडे आली असती तर वाचली असती गं." तो माझा हात धरून रडला. मी त्याला काही सांगितलं नाही. मी त्याला हात धरू दिला.

काय करू, सांग. मला जगावंसं वाटत नाही.

गिझी

*

कूसेग, १६ ऑक्टोबर

गिझी,

मामी शेजारच्या इलुशला सोबतीला घेऊन सोमवारच्या गाडीने निघते आहे. महिनाभर तुझ्याकडे राहील. नाही म्हणू नकोस, तिकीट काढलंय. तोवर एकटी झोपू नकोस, बहिणीकडे जा किंवा तिला बोलाव. डॉ. हाल्मादींनाही मी लिहिलंय. हे मी विचारून केलेलं नाही.

जगायचं आहे. ते ठरलेलं आहे, त्यावर चर्चा नाही.

मी तुझ्यावर रागावलो आहे का? हो. एवढा की दोन दिवस कागद हातात धरवला नाही. पण तू खोटं लिहिलंस आणि मी ते खरं मानलं, कारण मला तेच वाचायचं होतं. नाक भाजल्यावर दोन महिन्यांत वास येत नाही हे मला कळायला हवं होतं.

आता दोन गोष्टी. टेबलावरून ऊठ, आजच, आणि का उठतेस ते कचेरीत खरं सांग. दुसरी, विन्त्सेला सांग. दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आत, स्वतःच्या तोंडाने, उभं राहून. तो काय म्हणेल ते मला माहीत नाही. कदाचित तुला मारेल. तरी सांग. त्याने तुझा हात धरला आहे तो काय समजून, हे तुला माहीत आहे, त्याला नाही. हे फार दिवस चालू देऊ नकोस.

तुझा,
मामा

*

माको, २३ नोव्हेंबर

प्रिय मामा,

मामी स्वयंपाकघरात आहे आणि माझ्या सुऱ्यांना धार नाही म्हणून बडबडते आहे. तिला अजून दोन आठवडे ठेवून घेते. तू उपाशी मरणार नाहीस, इलुश परत पोचली आहे, ती डबा देईल.

विन्त्सेला मी त्याच आठवड्यात सांगितलं होतं. मामी दाराबाहेर उभी राहिली. तो अंगणात लसणाच्या वेण्या घालत होता. मी सगळं सांगितलं, दिव्यापासून. त्याचे हात थांबले नाहीत. वेणी पुरी केली, गाठ मारली, खिळ्याला लावली. मग म्हणाला, "जा." एवढंच. नंतर रस्त्यात भेटला की पलीकडे जायचा.

सर्व संतांच्या दिवशी मी संध्याकाळी उशिरा रोझालकाकूच्या कबरीवर गेले, म्हणजे तो भेटणार नाही. पांढऱ्या शेवंतीचे ढीग होते आणि शेकडो मेणबत्त्या. मी वाकले आणि मला काहीतरी कडवट जाणवलं. आधी वाटलं भास आहे. मग शेवंती कळली, मग मेण, मग ओली माती. मामा, मी तिच्या कबरीशी उभी राहून तिचीच फुलं हुंगत होते. मला ते नको होतं. देवाशपथ सांगते, त्या क्षणी मला माझं नाक कापून टाकावंसं वाटलं.

मंगळवारी सेगेदला गेले. डॉ. हाल्मादींनी आत नीट बघितलं. भरून आलंय. मांस नाही, एकही कोंब नाही. मी विचारलं, तुमच्या उजेडाने? त्या म्हणाल्या, सांगता येत नाही, एका नाकावरून काही सिद्ध होत नाही, पुढच्या वर्षी परत येऊही शकेल, येत राहा. बुर्यानचं मांस परत वाढलंय म्हणे. त्याचाही उजेड खराच असेल का, हे मी विचारलं नाही. ज्याची मी एवढी भीक मागत होते ते मला मिळालंय, आणि बसमध्ये मी खिडकीला डोकं लावून घरापर्यंत रडत आले.

कचेरीत खरं सांगून मी टेबल सोडलं होतं, ते या महिनाअखेर उचलणार होते. त्यानंतर मी बाजारात गेलेच नव्हते. काल मामीला कांदे हवे होते, म्हणून बाजारात गेले आणि मान खाली घालून विन्त्सेचं दुकान टाळून निघाले. उशिरा उगवणाऱ्या जांभळ्या अळिंब्या आल्या आहेत. बायका टोपल्या घेऊन घड्या घातलेल्या टेबलाजवळून जात होत्या, कोणी थांबत नव्हतं. एकीला दुसरी सांगत होती, "हुंगून बघ, चांगला वास असला की झालं. रोझाल बघायची तसं."

विन्त्सेने ते ऐकलं. दुकान सोडून तो आला. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर. त्याने टेबलाच्या घड्या उघडल्या. एक पाय लंगडतो, त्याखाली पुठ्ठा घातला. खुर्ची ओढली.

"येतोय का वास?" त्याने विचारलं. माझ्याकडे न बघता.

"येतोय."

"खरं सांग."

"तुमच्या तंबाखूचा येतोय."

"मग बस."

मी म्हटलं, "विन्त्सेकाका, मला..."

"माफ केलेलं नाही," तो म्हणाला. "करेन असंही वाटत नाही. त्या दोघी घरी चालल्यात, दिसत नाहीत तुला? बस."

मी बसले, मामा. त्याने त्या दोघींना हाक मारली आणि त्यांची टोपली माझ्यासमोर ओतली. मी एकेक उचलली, उलटी केली, पडदे बघितले, बूड बघितलं, मग स्वतः हुंगली. पहिलीने हात पुढे केला, तिलाही हुंगायचं होतं. मी म्हटलं, नको, वासावर जाऊ नका, आधी बूड बघायचं, मातीतून अख्खी काढून आणायची. ते मी मोठ्याने म्हटलं, रांगेला ऐकू जाईल असं. रांग नव्हती, पण तरी.

मी चिठ्ठी लिहून देईपर्यंत विन्त्से तिथेच उभा होता. मग तो दुकानात गेला आणि कांदे विकायला लागला.

तुझी,
गिझी